बारा की चोवीस

अणदूरला हायवेच्या कडेला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. समोरच बसवराजचं होतं. आम्ही एकाच मिस्त्रीच्या हाताखाली शिकलो, एका डब्यात जेवलो. गेल्या साली इंजिनच्या पंख्यानं त्याची तीन बोटं नेली आणि त्यानं धंदा सोडला. दवाखान्यात त्याच्यापेक्षा मीच जास्त रडलो. हसू नका, खरं सांगतोय.

उन्हाळ्यात त्याचा फोन आला. सोनारीच्या अलीकडं माळावर एक जुना ट्रक पडून होता, मालकाला तो चालू करून विकायचा होता.

"बारा व्होल्टचाय का चोवीसचा, तेवढं बघ शिवा. माझ्या हातानं आता व्हत न्हाय."

त्याला नाही कसं म्हणणार?

भर दुपारी पोचलो. बसवराज लांब लिंबाखालीच थांबला. मी कॅबिनमध्ये डोकावलो. सीट उंदरांनी कुरतडलेलं, आत कोणी नाही. मोठे ट्रक बहुतेक चोवीसचे असतात, पण जुन्या गाडीचा भरवसा धरू नये, तिच्यावर दहा हात फिरलेले असतात. हेडलाइटच्या बल्बवर चोवीस छापलेलं होतं. बॅटरीच्या पेटीत दोन बॅटऱ्यांची जागा होती, म्हणजे चोवीसच; बॅटरी मात्र एकही नव्हती.

मोकळ्या वायरी बाजूला सारताना एकमेकींना लागल्या आणि ठिणगी उडाली.

मी चरकलो. माझा बारा व्होल्टचा टेस्टिंग बल्ब वायरींना लावला. तो पांढराफटक पेटला आणि जळून गेला. बाराचा बल्ब चोवीसवर असाच जातो. पण चोवीस येत होते कुठून? कोणी दुसरीकडं बॅटरी दडवली असेल म्हणून वायर धरत धरत बॉनेटखाली वाकलो. तिथं ताज्या विडीचा वास होता.

"सेल्फ मारू का, मिस्त्री?" कॅबिनमधून आवाज आला.

आमच्या धंद्यात खाली वाकलेला माणूस वर बघत नाही. सेल्फ मारला की इंजिनाबरोबर पंखाही फिरतो, म्हणून वरून विचारतात, आपण हात बाहेर काढून हो म्हणायचं. मला वाटलं, बसवराज येऊन बसला.

"मार," मी म्हणालो.

काहीच झालं नाही. मान वर केली. कॅबिन रिकामी होती. बसवराज अजून लिंबाखालीच उभा होता.

मी धावत त्याच्याकडं गेलो. तो माझ्याकडं बघत नव्हता.

"तू बोललास न्हवं त्याला?" तो हळूच म्हणाला. "ह्याच ट्रकाचा गोरोबा ड्रायव्हर हाय त्यो... मिस्त्रीची वाट बघत सीटवरच मेला. म्या बी असंच 'मार' म्हणलो व्हतो. तवापासनं ज्या गाडीत हात घालीन, तिथं इचारायचा... माझी बोटं गेली तवा म्या गप व्हतो, शिवा. तरी सेल्फ लागला..."

"आणि आता?"

"दुसऱ्यानं 'मार' म्हणलं की पयल्याला सोडतो म्हणत्यात."

"त्यासाठी मीच सापडलो तुला?"

"निस्त्या फोनवर दुसरं कोण आलं असतं?"

भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त वाईट वाटलं. केसानं गळा कापतात तो असा. माझ्या मायेचाच त्यानं फास केला. त्याला तिथंच सोडून मी निघून आलो. नंतर ऐकलं, त्यानं पुन्हा दुकान काढलंय, तुळजापुरात.

मी धंदा सोडू शकत नाही. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. आता मी चावी खिशात घालूनच इंजिनात हात घालतो. आवाज येतो, रोज येतो. मी गप्प राहतो.

परवा दुकानात एकटाच होतो. एका टेम्पोच्या पंख्याखाली कोपरापर्यंत हात गेलेले, चावी खिशात.

"सेल्फ मारू का, मिस्त्री?"

मी ओठ घट्ट मिटले.

आणि माझ्या अगदी कानाशी, बसवराजच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "मार."