मागच्या बाकापर्यंत

माझी जोडीदारीण त्या दिवशी तापाने आडवी झाली, म्हणून तो माझ्या वाट्याला आला.

आमच्या अध्यापक महाविद्यालयाचा नियमच होता. सराव पाठाला कुणी एकटं जायचं नाही. एकाने शाळेच्या वर्गात शिकवायचं, दुसऱ्याने मागच्या बाकावर बसून बघायचं. आणि बघणाऱ्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, मुलांचं लक्ष उडतं. सांगायचं ते हातांनी.

तो विज्ञानाचा, शेवटच्या सत्रातला. मी भाषेची, एक सत्र मागे. उंचीमुळे सगळे त्याला ‘खांब’ म्हणत. चौथीच्या बुटक्या बाकावर तो बसला तेव्हा गुडघे हनुवटीला टेकले आणि अख्खा वर्ग फिस्सकन हसला. मीही हसले. हसतच पाठ सुरू केला, आणि दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज नेहमीसारखा खाली बसला. उगाच नाही मला ‘कुजबुज’ म्हणत!

मागे बघते तर त्याने कानामागे तळहात धरलेला. ऐकू येत नाही… मोठ्याने.

मी आवाज चढवला. तो पुन्हा उतरला. पाठ संपेपर्यंत त्याचा हात काही कानावरून हलला नाही.

“कान दुखत होता का तुमचा?” बाहेर आल्यावर मी फणकाऱ्याने विचारलं.

“छे! तुम्ही कविता फार छान म्हणता असा संशय आला. खात्री करून घेत होतो.”

“मग? झाली खात्री?”

“अर्धीच ऐकू आली ना. उरलेल्या अर्ध्यासाठी परत यावं लागेल.”

आणि तो आला. जोडीदारीण बरी होऊन दुसरीबरोबर जायला लागली, तरी मी जोडी बदलून मागितली नाही. कानामागचा हात मला पाठ झाला. दुसरी खूण होती उभ्या तळहाताची, म्हणजे थांब.

“तू प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देऊन टाकतेस,” तो म्हणायचा. “अगं, समोरचा विचार करतोय. तेवढं तरी थांब की!”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, आम्हा दोघांनाही कळलं नाही. त्याच्या बाहीला खडूची पूड लागलेली असायची. झटकावीशी वाटायची… हात निघायचाही, पण जाऊन डस्टर उचलायचा.

सत्र संपत आलं तसा सूचनाफलक गच्च भरला. निकालाची तारीख, वाचनालयाची पुस्तकं परत करा, निरोपाची सभा. आणि कोपऱ्यात एक कागद. दूर डोंगरावरच्या शाळेला वर्षभरासाठी दोन शिक्षक हवे होते, विज्ञानाचा लगेच, भाषेचा आणखी एक सत्र उलटल्यावर.

विज्ञानासाठी त्याची निवड झाली.

फलकापाशी त्याने विचारलं, “जाऊ का?”

“मला काय विचारतोस? एवढी संधी चालून आलीय. जा की.”

“संधीचं मला माहीत आहे. तुला काय वाटतं, ते विचारतोय.”

मी ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाले. त्याचा हात कानामागे गेला.

“काही नाही,” मी म्हणाले.

तो हात हळूच खाली आला. तो खाली येताना मला बघवला नाही.

घरी आई आणि मी, दोघीच. घरामागच्या शाळेत माझ्यासाठी आईने आधीच शब्द टाकून ठेवला होता. भाजी निवडता निवडता ती देवाचं गात होती, खणखणीत, घरभर. मध्येच थांबून म्हणाली, “काय गिळून बसलीयस?”

“काही नाही गं.”

“बाळा, देवाला कुजबुजही ऐकू येते. माणसांना मात्र मोठ्याने सांगावं लागतं. ती बिचारी काही देव नसतात.”

मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिले. पण ते वाक्य काही केल्या खाली बसेना.

निरोपाच्या सभेत सत्राच्या बातम्या वाचायचं काम प्राचार्य मॅडमनी मलाच दिलं.

“कुजबुज वाचणार?” कुणीतरी ओरडलं. “मग आधी सगळ्यांना कर्णे वाटा!”

हशा पिकला. मी वाचत गेले. निकाल, वाचनालय, बक्षिसं. मग डोंगरावरची शाळा आली, त्याचं नाव आलं, आणि माझा आवाज पार तळाला गेला. सगळ्यात मागच्या रांगेत, सगळ्यांच्या डोक्यांवरून, एक हात कानामागे गेला.

मी श्वास घेतला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. मोठ्याने.

“भाषेची जागा अजून रिकामी आहे,” मी पुढे वाचलं. “कुणाला जायचं आहे?”

कुणी हललं नाही. सवयीप्रमाणे मी लगेच पुढच्या ओळीवर जाणार, तेवढ्यात मागे तो तळहात उभा राहिला. थांब.

मी थांबले. पंख्याची घरघर ऐकू येत होती. पहिल्यांदाच मी माझ्याच प्रश्नाला उत्तर सुचू देत होते.

मग एक हात वर गेला. माझा.

“अगं, तू वाचायचंयस, हात नाही वर करायचा,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, मी जाते!”

ते भिंतीवर आपटून परत आलं. मागे एक खुर्ची धाडकन उलटली आणि खांब उभा राहिला.

आईने ऐकलं, डोळे टिपले आणि म्हणाली, “घरामागची शाळा कुठे पळून जात नाही. वर्षाने ये परत. पण फोनवर मोठ्याने बोलशील ना?”

मला अजून एक सत्र इथेच काढायचं होतं. त्याला मात्र दुसऱ्याच सकाळी निघायचं होतं. स्टँडवर धुकं होतं. त्याच्या बाहीवर खडू नव्हता, तरी मी बाही झटकली.

“काय लागलं होतं?”

“काही नाही. कधीची झटकायची राहिली होती.”

बस सुरू झाली. धुरकट काचेआड त्याचे ओठ हलले. काहीच ऐकू येईना. मी कानामागे हात धरला.

तो हसला, काच ओढू लागला. ती अडकलेली. बस निघाली, चौकाकडे वळायला लागली… मी हात काढला नाही. आणि एकदाची काच सुटली, अर्धा खांब बाहेर आला:

“वाट बघतोऽऽय!”

“मी पण!” मी ओरडले. उभ्या जन्मात ओरडले नव्हते इतक्या मोठ्याने.

बस वळलीच होती. त्याला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. पण मागच्या काचेतून, शेवटच्या बाकावरचे एक अनोळखी आजोबा वळून माझ्याकडे बघत होते. त्यांनी हसून मान डोलावली.