एकसष्टावं पत्र

निनादलाच का? मला का नाही? हे कोडं पंधरा दिवस माझं डोकं खात होतं.

'भरतीवेळ' ही आज्ञावली (संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच) मी आणि माझा चुलतभाऊ निनाद, दोघांनी मिळून लिहिली. ती मुक्त-स्रोत आहे, म्हणजे तिचं आतलं लिखाण कुणालाही वाचता येतं, वापरता येतं, सुधारता येतं. किनाऱ्यावरच्या होड्या तिच्या भरवशावर निघतात. पण विद्यापीठांची पत्रं यायची ती एकट्या निनादला. "आपल्यासारख्या निवडक तज्ज्ञाचं मत हवं आहे. फक्त दहा मिनिटं द्या." तज्ज्ञ म्हणे! बारा वर्षांचा घोडा, अजून साय काढून दिल्याशिवाय दूध पीत नाही.

खोटं कशाला सांगू, माझा नुसता जळफळाट झाला.

मग मी आज्ञावलीच्या पहिल्याच पानावर माझा पत्ता ठळक अक्षरात टाकला. आठवड्यात एकसष्ट पत्रं! मोठ्या विद्यापीठाची मुद्रा दिसली की मी ते पत्र आधी उघडायची. 'अनुभव किती वर्षं?' वीस. 'आठवड्याला किती तास काम?' साठ. आणि निनादला ऐकू जाईल असे उसासे टाकायची, "बाई गं, किती हे लोक माझ्या मागे!"

"मी तर ती उघडतसुद्धा नाही," निनाद म्हणाला. हे ऐकून मी आणखीच पेटले.

गुरुवारी दुपारी पत्रं वाचायची काचेची पाटी (टॅबलेट) घेऊन मी धक्क्यावर गेले. तिथे कुर्ली असते. कुर्ली म्हणजे पाणी मोजणारी सहा पायांची यंत्र-खेकडी. निदान तिने तरी कौतुक करावं की नाही?

"मलाही तीन आलीत," ती म्हणाली. "'प्रिय कुर्ली, आपण या क्षेत्रात कशा आलात?' चालत आले म्हणावं, तिरकी!"

मला अजिबात हसू आलं नाही. "तुला कशी आली?"

"आज्ञावलीत कुणीही काही बदललं की नोंदीत त्याचा पत्ता पडतो. मी पाण्याचे आकडे भरते, माझा पडतो. संशोधकांचं यंत्र असे हजारो पत्ते उपसतं आणि एकच पत्र नावं बदलून सगळ्यांना धाडतं."

"मग माझा पत्ता का नाही पडला?"

"तू काम कुणाच्या संगणकावर करतेस?"

निनादच्या! म्हणजे माझं सगळं काम त्याच्या पत्त्यावर नोंदलं जात होतं. मी जीभ चावली.

"म्हणजे लबाड आहेत का ते लोक?" मी विचारलं.

"छे गं. शितावरून भाताची परीक्षा करायची असते त्यांना. थोड्यांना विचारून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. त्या थोड्यांना नमुना म्हणतात. काम चांगलंच आहे. पण साठ जणांनी दहा-दहा मिनिटं मागितली तर किती झाले? दहा तास! आणि शितानेच वीस वर्षांची थाप मारली, तर भाताचं काय कळणार?"

माझे कान तापले.

"साठ का? एकसष्ट आहेत," मी पुटपुटले.

तिने पाटीत डोकावून पाहिलं. "एक वेगळं आहे. त्यावर कसलीच मुद्रा नाही, म्हणून तू पाच दिवस उघडलं नाहीस."

मी उघडलं. खाडीपलीकडच्या खारबेटावरच्या फरीदा मुकादमचं होतं ते.

"रेवतीताई, खाडीच्या भागावर तुमचं नाव वाचलं, म्हणून तुम्हालाच लिहितेय. भरती तुम्ही दिलेल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा येते. काल अब्बांची होडी वाळूत रुतली, सुकाणू तडकलं. येत्या शुक्रवारी आमची अकरा मुलं त्याच होडीने परीक्षेला जाणार आहेत. त्याआधी बघाल का?"

शुक्रवार म्हणजे उद्या.

मी धावत निनादकडे गेले. "माझं चुकलंय. बघ ना जरा माझ्याबरोबर."

टोमणा मारायची याहून चांगली संधी त्याला मिळाली नसती. पण पत्र वाचून तो नुसता "बस इथे" म्हणाला. आम्ही ओळ न् ओळ तपासली. समुद्राची भरती खाडीत आत पोचायला वीस मिनिटं जास्त लागतात. ती मिळवायच्या ऐवजी मी वजा केली होती. वीस आणि वीस, चाळीस! दिवेलागणीच्या आत दुरुस्ती फरीदाकडे गेली.

शुक्रवारी सकाळी मी भाकरीला हात लावला नाही. दहा वाजता दोनच ओळी आल्या. "होडी रुतली नाही. अकराही जणं वेळेवर पोचली."

मग पहिल्या पानावरचा माझा पत्ता काढून आम्ही लिहिलं : 'संशोधकांनी आधी इथे परवानगी मागावी. तीन महिन्यांत एकच प्रश्नावली घेऊ. निष्कर्ष आम्हालाही वाचायला द्यावेत. होडीवाल्यांची पत्रं सगळ्यांत आधी.' ज्यांना थापा मारल्या होत्या, त्यांना माझी उत्तरं रद्द करायला कळवलं. एका संशोधक बाईंनी आभार मानले आणि या वेळी रीतसर परवानगी मागितली. त्यांना आम्ही खरी उत्तरं देणार आहोत. अनुभव : दीड वर्ष.

निनाद मात्र फरीदाचं पत्र पुन्हा पुन्हा वाचत होता.

"रेवतीताई म्हणे!" तो फुरंगटून म्हणाला. "मला एवढी पत्रं आली, पण माझं काम वाचून कुणीच लिहिलं नाही."

त्याचा चेहरा मी लगेच ओळखला. पंधरा दिवस आरशात तोच तर बघत होते.

"सरक," मी म्हटलं. "खारबेटापुढच्या खाडीचं लिहायचं राहिलंय. तू लिही, आणि वर तुझं नाव घाल."