आक्काची टकटक

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. पण हे घडलंय. मी तिथे होते, सुतार होता आणि आमचे साहेबही होते. साहेबांना आज विचारलंत तर कानांवर हात ठेवतील. ठेवू देत!

मी मुलींच्या बालगृहात काळजीवाहक आहे. मुली मला काकू म्हणतात. गोष्ट मागच्या हिवाळ्यातली, रविवार संध्याकाळची. सगळ्या मुली मैदानावर खेळायला गेल्या होत्या.

वरच्या मजल्यावर एकटी बटण होती.

बटण म्हणजे एवढीशी, गोल चेहऱ्याची पोरगी. ज्या घरातून ती आमच्याकडे आली, तिथे तिच्या खोलीत कोणीही, केव्हाही शिरायचं. याहून जास्त मी सांगणार नाही. सुरुवातीला ती भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच झोपायची. मग आक्कानं तिच्या दाराला आतून कडी बसवून दिली. मागोमाग सगळ्याच मुलींच्या दारांना बसवली. तिची कडी बसली, त्या रात्री बटण पहिल्यांदा आडवी झाली.

आक्का आमची जुनी गृहमाता. तिचा एकच हट्ट. "हे त्यांचं घर आहे गं. दार वाजवायचं आणि थांबायचं. 'ये' आलं तर जायचं. 'नको' आलं तर गुमान मागे फिरायचं." ती बोटातल्या अंगठीनं दार वाजवायची.

टक टक... टक.

आवाजावरूनच मुली ओळखायच्या.

आक्का पावसाळ्यात देवाघरी गेली. मग हे साहेब आले आणि त्यांनी फर्मान काढलं, आतल्या सगळ्या कड्या काढा.

"उद्या आत काही बरंवाईट झालं तर?" साहेब म्हणाले.

"जे बरंवाईट झालं, ते कडी नसलेल्या घरात झालंय, साहेब," मी म्हणाले.

"मला शिकवू नका."

त्या रविवारी सुतार एकेक कडी काढून डब्यात टाकत होता. शेवटी राहिली बटणची खोली. तिनं आतून कडी लावून घेतली होती. साहेबांनी दारावर थापा मारायला सुरुवात केली.

"उघड! नाहीतर दार तोडतो!"

आतून बारीक आवाज आला. "काकू, नको ना..."

माझं डोकंच फिरलं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. "आधी मला उचलून बाजूला टाका. मग तोडा."

आणि तेवढ्यात...

टक टक... टक.

कोपऱ्यातल्या खोलीतून. दाराच्या आतल्या बाजूनं.

"तिकडे कोण राहिलंय?" साहेब खेकसले.

"कोणी नाही. मुली मैदानावर आहेत."

सुतार पुटपुटला, "आत्ताच तिथली कडी काढून आलो. खोली रिकामी होती."

साहेबांनी जाऊन दार ढकललं. आत कोणी नव्हतं. खिडकीही बंद.

टक टक... टक.

आता शेजारच्या खोलीतून.

मग त्याच्या शेजारच्या...

आवाज आमच्याकडे येत होता. सुतार म्हणाला, "साहेब, मला बायकापोरं आहेत." कड्यांचा डबा तिथेच टाकून त्यानं जी धूम ठोकली, ती थेट फाटकाबाहेर.

साहेब वॉचमनला फोन करायला खाली आपल्या केबिनकडे पळाले. मी त्यांच्या मागे. त्यांनी दाराला हात घातला आणि...

आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

साहेबांनी खांदा मारला. दार हललं नाही.

"कोण आहे आत? उघड!"

काहीच नाही. फक्त त्यांची खुर्ची करकरली, कोणी नीट टेकून बसावं तशी.

 खोटं कशाला बोलू, भीती होतीच, पण आतून बरंही वाटलं. आपल्याच दाराबाहेर उभं राहणं काय असतं, ते कळू दे म्हटलं.

"असं नाही, साहेब. वाजवा. आणि थांबा."

 मग मीच वाजवलं. "आक्का... येऊ का?"



साहेबांचा हात पुन्हा दाराकडे गेला. मी मनगट धरलं. "थांबा म्हटलं ना!"

आयुष्यात कुठल्या साहेबाचा हात असा धरला नव्हता. पण ते थांबले.

मग... कडी हळूच सरकली.

दार आपोआप उघडलं. आत कोणी नव्हतं. खुर्ची दाराकडे तोंड करून होती. मी दाराची आतली बाजू बघितली. सरळ, गुळगुळीत लाकूड.

तिथे कडी नव्हतीच. कधीच नव्हती. खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं.

साहेब वर गेले. बटणच्या दारासमोर उभे राहिले. मग बोटानं हलकेच वाजवलं.

"मी... येऊ का?"

"नको," आतून आवाज आला. या वेळी चांगला खणखणीत.

साहेब मागे फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराची मनधरणी करून सगळ्या कड्या परत बसवून घेतल्या. वरच्या कचेरीतून कोणी विचारलंच, तर त्यांचं ते बघतील. माझ्याकडे आले तर माझं उत्तर तयार आहे.

बटण आता पाय पसरून झोपते.

मी मात्र नाही.

कारण रात्री मी खोलीवर एकटी असले, की कधीकधी माझं दार वाजतं...

टक टक... टक.

 आक्का माझी होती, माझ्या सख्ख्या बहिणीसारखी. तरी 'ये' म्हणायची हिंमत होत नाही. मी पांघरूण घट्ट धरून कसंबसं म्हणते, "नको गं, आक्का. आज नको."

आणि बाहेरची पावलं गुमान मागे फिरतात.