आधी उजवं चाक, मग डावं

कट्ट.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला चाळीस वर्षं झाली. गंगेच्या पलीकडच्या रेतीवर, पहाटे, ढुंढिराजांच्या पिकअपपाशी. निनाद, तेव्हा तुझी आईसुद्धा जन्मली नव्हती. सई, शाल घे बघू अंगावर. सांगतो.

ढुंढिराज ब्रह्मा घाटावरच्या वैदिकांच्या घरातले. पोथी सोडून गाडी धरली म्हणून भाऊबंद हसायचे. रेतीवर खरबुजं, काकड्या पिकतात. तो माल ढुंढिराज बाजारात आणायचे आणि मी भरायला बरोबर. गाडी चारही चाकांनी ओढणारी. पण त्यासाठी नुसता गिअरजवळचा आतला दांडा टाकून भागत नसे. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल चकती असते, ती खाली उतरून कट्ट वाजेपर्यंत हाताने फिरवावी लागते. तेव्हा कुठे पुढची चाकं कामाला लागतात. आधी उजवी चकती, मग डावी. ढुंढिराज गाडीच्या तोंडापुढून कधी आडवे जायचे नाहीत. मागून वळसा घ्यायचे, देवळात घेतात तसा. चकती लागली की पानाच्या डबीतला चुना अंगठ्यावर घेऊन तिच्यावर पट्टा ओढायचे, लांबून दिसावं म्हणून. असं करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्यांचा मुलगा उल्हास बँकेत लागला. एकदा चारचौघांत बोलून गेला, "बाप ड्रायव्हर आहे हे सांगायला लाज वाटते." ढुंढिराजांनी ऐकलं. नंतर सहा वर्षं एका घरात राहून त्याच्याशी बोलले नाहीत. तसेच गेले.

ते गेल्यावर गाडी सामने घाटाजवळच्या त्यांच्या अंगणात गंजत पडली. गेल्या वर्षी उल्हासने ती दुरुस्त करायला घेतली. का, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

पण गाडी काही ऐकेना. कार्बोरेटर तीनदा उघडला, तीनदा गळला. दिल्लीहून मागवलेला गिअरबॉक्सचा भाग दुसऱ्याच गाडीचा निघाला. एक नट फिरेना म्हणून हातोडा मारला, तर स्वतःचंच नख काळंनिळं झालं. मी एकदा म्हटलं, "उल्हास, ते पुढच्या चाकांचं..."

"काका, मी व्हिडिओ बघून करतोय. राहू द्या ना."

मी राहू दिलं. त्याने त्या चकत्यांना नुसती टोपणं समजून वर चांदीच्या रंगाचे दोन हात मारले.

त्याची बायको मधुरा वैतागली होती. "अकरा महिने! एवढ्यात मूल होऊन पालथं पडलं असतं. रविवारी नऊला भंगारवाला कबाडी येतोय. त्याआधी ही आपल्या पायांनी फाटकाबाहेर गेली तर राहील. नाहीतर तो इथेच कापून नेईल."

गेल्या मार्गशीर्षातली वद्य नवमी, शनिवार. पुढचं मला उल्हासनेच सांगितलं. संध्याकाळी तो लंका नावाच्या बाजारात जाऊन नवे प्लग घेऊन आला. अकराच्या सुमारास इंजिन लागलं. एकदाचं लागलं! पण अंगणात पाण्याच्या पाइपासाठी खणून भरलेली भुसभुशीत माती होती. मागची चाकं तिच्यात फिरत राहिली, रुतत राहिली. त्याने दांडा टाकला. पुढची चाकं ढिम्म. पुन्हा टाकला. काही नाही. त्याने स्टिअरिंगवर मुठी आपटल्या आणि इंजिन बंद केलं.

अकरा वीसला लाइट गेली. बाहेर कोहरा, दाट धुकं. काचा आतून धुरकटल्या होत्या. त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मोठ्याने म्हणाला,

"बाबा, मला ही चालवता येत नाही."



कुठे कुत्रंही भुंकेना.

कट्ट.

उजव्या बाजूला. अगदी त्याच्या पायांशी.

त्याला वाटलं, पत्रा गार होतोय. गार पत्रा वाजतो. वाजतोच...

मग पावलं. चपलांची. सावकाश. त्याच्या दारावरून मागे गेली. काच पुसायला त्याने हात उचलला. हात काचेपर्यंत गेला नाही.

पावलं गाडीच्या मागे पोचली.

थांबली.

"...कोण?"



पावलं पुन्हा निघाली. आता डावीकडून. पुढे... पुढे...

कट्ट.

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. मग हातांनी आपोआपच किल्ली फिरवली, म्हणतो. दांडा टाकला. क्लच सोडला. पुढची चाकं फिरली, त्यांनी माती धरली, आणि गाडी वर आली. सरळ फाटकाबाहेर. गाडीच्या दिव्यांच्या उजेडात मागेपुढे कुणी नव्हतं.

सकाळी सातला मला बोलवायला आला. चेहरा पांढरा. "काका, रात्री तुम्ही आला होतात?"

"मी? अरे, या गुडघ्यांनी मला दिवसा जिना उतरवत नाही."

"बघा मग."

बघितलं. उजव्या चकतीवरचा चांदीचा रंग कडेने तडकला होता. चकती फिरलेली होती. आणि तिच्यावर अंगठ्याएवढा रुंद, पांढरा पट्टा. मी बोट लावलं. ओला. त्या घरात आता पान कुणी खात नाही. मी पान सोडलं त्यालाही सोळा वर्षं झाली.

नऊला कबाडी आला. मधुरानेच त्याला परत पाठवलं. एवढ्यात ढुंढिराजांच्या पत्नी, शरदिनीवहिनी, बाहेर आल्या. तो पट्टा त्यांना दिसला. उन्हात दोन तास झाले होते, पण तो वाळला नव्हता. त्यांनी त्याच्याशेजारी स्वतःचा अंगठा धरला. बराच वेळ धरला.

"आई?" उल्हास म्हणाला. "आई, काय आहे हे?"

वहिनींनी डावं चाक बघायचं ठरवलं असावं. गाडीच्या पुढून चार पावलं होती. त्या मागून वळसा घालून गेल्या. तिकडे वाकून पाहिलं. तिथेही तसाच ओला पट्टा.

मग ढुंढिराजांसमोर घ्यायच्या तसा पदर डोक्यावर घेतला आणि आत निघून गेल्या.