बेडकाचा डावा डोळा

बेडकाला डावा डोळा नव्हता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र तो होता. काळाभोर, ओला, भोवती सोनेरी कड असलेला, आणि त्यात वरच्या ढगाचं प्रतिबिंबसुद्धा पडलेलं.

तृप्ती नागवेकर कातळावर पालथी पडली होती. कोपरांखाली जांभ्याचे खडे रुतत होते. भाद्रपदातली रविवारची सकाळ, गावामागच्या कातळपठारावरची, सड्यावरची सगळी डबकी काठोकाठ भरलेली आणि त्यांच्या कडेने सीतेची आसवं जांभळीनिळी फुललेली. बेडूक नखाएवढा, नुकताच शेपूट गळून पाण्याबाहेर आलेला. तृप्तीने आधी आपला चष्मा पुसला. मग कॅमेऱ्याची लेन्स पुसली. मग बेडकाला गवताच्या काडीने हलकेच वळवलं आणि पुन्हा निरखून पाहिलं. डोळ्याच्या जागी गुळगुळीत कातडी होती. खाचसुद्धा नव्हती.

तिने पुन्हा फोटो काढला. पुन्हा डोळा आला. या वेळी त्यात ढग नव्हता, निळं आभाळ होतं.

"मेल्या, कुठून आणलास?" ती कॅमेऱ्यावर खेकसली.

"कुनाशी बोलताय ताई?" मागून आवाज आला. सड्याखालच्या भुवडवाडीतली सुगंधा डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी होती.

तृप्तीने बेडूक तळहातावर घेऊन दाखवला. सुगंधाला काही नवल वाटलं नाही. "औंदा निम्मे असेच हायत. परवा पाच पायांचा बघितला मी. पान्यातच कायतरी हाय. माझ्या नातीच्या पाठीवर हा एवढा पुरळ उठलाय, आनि डॉक्टर म्हनतो, कुठाय पुरळ? पाठ स्वच्छ हाय. आंधळा मेला."

"दुसरीकडे दाखव ना."

"दुसरीकडं म्हंजे रत्नागिरीस. मजुरी बुडवून कोन जानार?" भारा सावरत सुगंधा उतारावरून निघून गेली.

या सड्यावर पडणारं पाणी कातळातून झिरपत भुवडवाडीच्या झऱ्याला येई, आणि अख्खी वाडी तोच झरा पिई. सड्याच्या पलीकडच्या कडेला रंगद्रव्यांचा कारखाना होता. तो दुप्पट करायचा आणि त्याचं 'प्रक्रिया केलेलं' पाणी आत्तासारखंच सड्यावर सोडायचं, असा प्रस्ताव होता. गुरुवारी त्याची जनसुनावणी होती.

तृप्तीचा फोटोग्राफीचा छंद जुना, पण त्याचा पल्ला लहान. तिच्या ओळखीचे हौशी लोक वाघासाठी ताडोब्याला आणि झेब्र्यासाठी आफ्रिकेला जात. तृप्ती परसातला दगडी गडगा ओलांडे आणि सड्यावर जाई. घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येईल तेवढंच तिचं जंगल. तेवढ्यातच तिला चतुर, कोळी, पालीची अंडी, दवबिंदू या कीटकभक्षी रोपाच्या चिकट केसांत अडकलेली मुंगी, असं कधी न संपणारं काहीतरी सापडत आलं होतं. काढलेला प्रत्येक फोटो ती निसर्गपेढीत जमा करी. ही लोकांनी काढलेल्या फोटोंची सार्वजनिक पेढी होती, कुणीही पाहावी, कुणीही अभ्यासावी. या गावच्या सड्याचे तिथले जवळजवळ सगळे फोटो तृप्तीचेच होते.

त्या दुपारी तिने पेढीतले आपले या मोसमातले फोटो एकामागून एक उघडले. सगळे बेडूक धडधाकट. एकालाही पाचवा पाय नाही. सगळ्यांचे दोन्ही डोळे टपोरे. पाहता पाहता तिची कानशिलं तापायला लागली.

सोमवारी तिने दुकान उघडलं आणि कुलूप हातात तसंच धरून ती शेजारी फिरोज मुकादमच्या दुकानात शिरली. तृप्तीचं दुकान चष्म्याचं, फिरोजचं कॅमेरे-मोबाइल दुरुस्तीचं. मधली भिंत सामाईक, चहाही सामाईक.

"फिरोजभाई, हा कॅमेरा खोटं बोलतो."

"तसं म्हटलं तर सगळेच बोलतात, ताई. बसा. चहा सांगतो."

"चहा नको. हे बघा." तिने प्लास्टिकच्या डबीतला बेडूक आणि पडद्यावरचा फोटो शेजारी शेजारी ठेवला.

फिरोजने दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याने कॅमेरा उलटा करून त्याची लेन्स दाखवली. ती तांदळाच्या कणीएवढी होती. "एवढ्याशा भोकातून किती उजेड येणार? पूर्वीचा कॅमेरा उजेड पकडायचा, ताई. आताचा नुसता चाखतो आणि स्वयंपाक स्वतःच करतो. कोट्यवधी फोटो बघून तो शिकलेला असतो, कुठली वस्तू कशी दिसते ते. जेवढं दिसलं तेवढं घेतो, उरलेलं भरून काढतो. याला पूर्ती म्हणतात. धूळ, हात हललेला, अंधुक उजेड, सगळं पूर्ती दुरुस्त करते."

"बेडूक म्हणजे धूळ आहे का?"

"त्याच्या लेखी बिघाड फोटोत आहे, बेडकात नाही. डोळा नसलेला बेडूक त्याने पाहिलेलाच नाही." फिरोजने कॅमेरा तिच्यापुढे सरकवला. "आणि खरं सांगू? आपल्या सड्यावरचा बेडूक कसा असतो हे त्याला शिकवलं कुणी? पेढीतले फोटो बघूनच शिकला तो. म्हणजे तुमचे."

"म्हणजे," तृप्ती म्हणाली, "माझे जुने बेडूक हा या नव्या बेडकांच्या तोंडावर चिकटवतो."

"तसंच काहीसं."

"बंद करा ती पूर्ती."

"करता येईल, पण मग मूळमुद्रा उमटणार नाही."

मूळमुद्रा तृप्तीलाही ठाऊक होती. खोट्या फोटोंनी आणि चित्रफितींनी कोर्टकचेऱ्यांचा पार बोजवारा उडाल्यावर कायदा झाला होता. फोटो निघतो त्याच क्षणी कॅमेऱ्याने त्यावर उमटवलेली गुप्त खूण असेल, तरच तो पुरावा धरायचा. त्यानंतर एक कण जरी बदलला तरी मुद्रा मोडते.

"फोटो निघाल्यावर कुणी हात लावला नाही, एवढीच ती हमी देते," फिरोज म्हणाला.

"आणि निघतानाच लावला असेल तर?"

"त्याबद्दल कायदा काही बोलत नाही."

तृप्तीने हातातलं कुलूप त्याच्या काउंटरवर आपटलं. बेडूक डबीत दचकला.

फिरोजने खालच्या कप्प्यातून एक जुना कॅमेरा शोधून काढला, विटेएवढा जड, मुठीएवढ्या लेन्सचा. त्याची बॅटरी जिवंत करायला सोमवार गेला. मंगळवारी पहाटे तृप्ती सड्यावर होती. जुन्या कॅमेऱ्याने जे होतं ते दाखवलं. एक डोळा नसलेले, मागचा पाय नुसताच ठोंब असलेले, पाठीतून पाचवाच पाय फुटलेले. फोटो थोडे धुरकट होते, एकदोन हललेलेही होते. इतके ओंगळ आणि इतके खरे फोटो तिने कधीच काढले नव्हते. तिने ते सुनावणीच्या कार्यालयाकडे पाठवले. तासाभरात उत्तर आलं. 'मुद्रांकित नसलेली छायाचित्रं ग्राह्य धरता येत नाहीत.'

त्या दिवशी दुकानात तिने गिऱ्हाइकांवर विनाकारण आवाज चढवला. एक म्हातारे मास्तर म्हणाले, "अगं, मला तो नवा पूरक चष्मा दाखव. धुक्यातसुद्धा लख्ख दिसतं म्हणे." ती म्हणाली, "आहे तो चष्मा नीट पुसा आधी." मास्तर रागावून निघून गेले. खरं तर पूरक चष्मा हाच तिचा सध्याचा सगळ्यात खपाचा माल होता. त्यात नंबराची काच नसे. करड्या दांडीतला बारीक कॅमेरा पाही आणि चित्र थेट डोळ्याच्या पडद्यावर टाकी. तालुक्यातले निम्मे साहेब, बँकेचा मॅनेजर, आरोग्यकेंद्राचा डॉक्टर, सगळ्यांना तिनेच तो विकला होता. ती स्वतः मात्र काचेचाच वापरी. पूरक चष्म्याने तिचं डोकं दुखे.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. भुवडवाडीची माणसं मागच्या खुर्च्यांवर, पुढे कारखान्याची मंडळी, कडेला तृप्ती आणि फिरोज. व्यासपीठावर सुनावणी अधिकारी लाडसाहेब, आणि त्यांच्या मागे भिंतभर पडदा. कामकाजाचं मुद्रांकित चित्रण त्यावरच दिसत होतं.

कारखान्याचा पर्यावरण सल्लागार मयूरेश देवस्थळी उठला. तरुण, नम्र, इस्त्रीचा शर्ट. "आमच्या पाहणीपेक्षा स्थानिकांच्या पाहणीवर आमचा अधिक विश्वास आहे," तो म्हणाला. पडद्यावर बेडूक आला. टपोरा, सोनेरी कडेच्या डोळ्यांचा. मग दुसरा, मग तिसरा. "हे सगळे फोटो याच मोसमातले, मुद्रांकित, आणि श्रीमती तृप्ती नागवेकर यांनी काढलेले आहेत. बेडूक हा पाण्याच्या आरोग्याचा आरसा असतो. इतकं सुंदर दस्तावेजीकरण केल्याबद्दल आम्ही नागवेकर मॅडमचे ऋणी आहोत."

टाळ्या पडल्या. भुवडवाडीच्या बाजूच्या माना तृप्तीकडे वळल्या.

ती ताडकन उठली. "ते फोटो मी काढलेत, पण ते बेडूक माझे नाहीत!" ती ओरडली. "कॅमेऱ्याने रंगवलेत ते. खरे बेडूक हे इथे आहेत." तिने सोबत आणलेली दुधाची किटली व्यासपीठावरच्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं.

"मॅडम," देवस्थळी म्हणाला, "वन्य जीव असे पकडून आणणं गुन्हा आहे."

"आणि त्यांना अंड्यातच आंधळं करणं? ते काय आहे? समाजसेवा?"

मागून कुणीतरी शिट्टी मारली. लाडसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. माणूस सरळ होता. त्यांनी बाही सारली आणि किटलीतला एक बेडूक अलगद तळहातावर घेतला. चेहऱ्याजवळ नेऊन डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला.

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "याला दोन डोळे आहेत."

सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. तृप्ती वाकून त्यांच्या तळहाताकडे पाहू लागली. चुकून धड बेडूक आला की काय? नाही. डावीकडे कातडी होती, गुळगुळीत. तिने मान वर केली आणि तिला लाडसाहेबांच्या चष्म्याच्या करड्या दांड्या दिसल्या. कोपऱ्यात मोहरीएवढा काळा मणी.

"साहेब," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "चष्मा काढा."

"का?"

"काढा तर खरा."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, बेडकाकडे पाहिलं आणि कसनुसं हसले. "आता तर मला बेडूकच दिसत नाही. हिरवा डाग दिसतो नुसता."

"नंबर किती?"

"अधिक सात. दोन्ही."

"फिरोजभाई, माझ्या स्कूटरच्या डिकीतून पेटी आणा."

शाळांमधल्या डोळेतपासणीसाठी ती पेटी कायम स्कूटरवर असे. तृप्तीने तिच्यातली जाडजूड गोल फ्रेम काढली, खाचांमध्ये अधिक सातच्या दोन काचा सरकवल्या आणि लाडसाहेबांच्या नाकावर बसवली. साधी काच. आलेला उजेड नुसता वाकवून पुढे सोडणारी, स्वतःचं काहीही न घालणारी.

लाडसाहेबांनी तळहात पुन्हा चेहऱ्याजवळ नेला. मग त्यांनी किटलीत डोकावलं. एक बेडूक, दुसरा, तिसरा.

"अरे देवा," ते पुटपुटले.

मागच्या पडद्यावर तेच दृश्य भिंतभर दिसत होतं. तिथे लाडसाहेबांच्या तळहातावर दोन टपोऱ्या डोळ्यांचा बेडूक बसला होता. लोक एकदा तळहाताकडे पाहत होते आणि एकदा पडद्याकडे. काहींनी चष्मे काढले, काहींनी काढून पुन्हा घातले.

"साहेब, अधिकृत नोंद पडद्यावरची धरली जाते," देवस्थळी म्हणाला. त्याचा आवाज मघासारखा इस्त्रीचा राहिला नव्हता. "मुद्रांकित नोंद."

"अधिकृत नोंद!" तृप्ती त्याच्यावर उसळली. "माणूस समोर उभा राहून डोळ्यांनी बघतोय, ते अनधिकृत? तुम्ही या इकडे. घाला ही फ्रेम, आणि सांगा मला तोंडावर."

देवस्थळी जागचा हलला नाही. त्याच्याही चष्म्याच्या दांड्या करड्या होत्या.

लाडसाहेबांनी लेखणी उचलली, मग थांबले. "मी पाहिलं ते मी लिहीन, बाई," ते म्हणाले. "पण वर कुणी विचारलं तर चित्रण माझ्या विरुद्ध साक्ष देईल. मी खोटा पडेन."

"पडा मग खोटे," तृप्ती म्हणाली. "आम्ही आहोत ना."

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. सुगंधा भुवड उभी राहिली होती. भरल्या सभेत ती कधी बोलली नव्हती. पदर मुठीत आवळून ती टेबलावरच्या त्या करड्या चष्म्याकडे पाहत होती.

"तृप्तीताई," तिने विचारलं, "दवाखान्यातल्या डॉक्टरच्या नाकावर पन ह्योच चष्मा असतो ना?"

तृप्तीने होकारार्थी मान हलवली. दिवाळीतला तो दिवस तिला आठवला. डॉक्टर आरशात वळून वळून पाहत होता, आणि तिने स्वतःच्या हाताने त्याच्या कानामागे दांडी नीट बसवून दिली होती.

"मग माझ्या नातीची पाठ," सुगंधा म्हणाली, "आजवर बघितली कुनी?"