काचघरातली डुलकी

भाऊजींना डुलकी लागायला निमित्त लागत नसे. चहा प्यायला की लागे, आणि चहा नाही मिळाला तर त्याची वाट बघताना लागे. त्या सकाळी बाहेर धुकं असं दाटलं होतं, की समोरचं घर कोणी पुसून टाकल्यासारखं दिसत होतं. अशा हवेत जागं राहायचं म्हणजे स्वतःवर जुलूमच. त्यामुळे सिक्युरिटी कंपनीचे मालक आत येऊन बसले आणि बोलायला लागले, तेव्हा सुरुवातीचं बरंचसं भाऊजींनी झोपेतच ऐकलं.

"आमच्या माणसाच्या नाकासमोरून रोप गेलं, ताई," मालक सांगत होते.

ताई म्हणजे वहिनी. भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जहाजावर, बहुतेक काळ पाण्यात. इकडे वहिनींनी खाजगी तपासाचं काम सुरू केलं आणि बघता बघता नाव काढलं. चित्रकलेच्या मास्तरकीतून मोकळे झालेले भाऊजी त्यांच्याबरोबर हिंडत. मदत किती होई ते देव जाणे, सोबत मात्र होई.

"रोप कसलं?" वहिनींनी विचारलं.

"फुलाचं. आमचा पहारा असलेल्या एका बागेत काचघर आहे, तिथल्या बाईंनी वर्षानुवर्षं खपून तयार केलेली जात. जगात दुसरं नाही म्हणतात. पहिल्यांदाच कळी धरली होती. काल दुपारी कुंडीसकट गायब."

मालक बोलायला लागले की गाडी कंपनीवर यायचीच. सुरुवात केली तेव्हा दोन शाळासोबती आणि एक सायकल, एवढाच कारभार. एक पहारा देई, दुसरा सायकलवरून येऊन हाक मारी, "जागा?" पहारेकरी म्हणे, "जागा." आज त्याच कंपनीची माणसं बँकांच्या दारात, दवाखान्यांत, गोदामांत उभी होती. पैशांच्या गाडीबरोबर जात होती, कॅमेरे बसवत होती, आग लागली तर काय करायचं ते कारखान्यांत शिकवत होती. बायकाही भरती झाल्या होत्या. ती हाक मात्र तशीच राहिली. आता ती कंट्रोल रूममधून वॉकीटॉकीवर जाते. पुरुष "जागा" म्हणतो, बाई "जागी" म्हणते.

"सायकलवर मी होतो," मालक म्हणाले. "पहाऱ्यावर तो होता. काल काचघरातही तोच होता. सगळे त्याला शिट्टी म्हणतात."

"तुम्हाला तो चोर वाटतो?"

"छे हो. पण बाई म्हणतात, संध्याकाळपर्यंत रोप मिळालं नाही तर त्याला पोलिसांत देते. आणि झोपला होता असं ठरलं, तर वर्दी मलाच उतरवावी लागणार. पहाऱ्यावर झोपला तो त्याच दिवशी घरी. नियम मीच केलाय, आजवर कोणाला सोडलं नाही. दोस्तासाठी मोडला तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगू?" त्यांनी समोरचा कप बाजूला सारला. "चोर म्हणून जाऊ दे नाही तर झोपाळू म्हणून, त्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होईल. फार वाईट वाटतंय मला, ताई."

आधी तिघं कंट्रोल रूममध्ये गेले. पडदे ओढलेली खोली, भिंतभर मिणमिणते दिवे, आणि कानाला यंत्र लावून बसलेली एक मुलगी. ती हळू आवाजात एकेका ठाण्याला हाक देत होती. गोदाम, जागा? जागा. दवाखाना, जागी? जागी. कुठून कुठून, दूरदूरच्या आवाजांची उत्तरं येत होती. अंगाई ऐकल्यासारखं वाटून भाऊजींच्या पापण्या जड झाल्या.

"काल दुपारी काचघरातून उत्तर आलं होतं," ती म्हणाली. "मी हिरवं बटण दाबलं. म्हणजे शिट्टीकाका झोपलेले नव्हतेच."

"नेमकं काय ऐकू आलं?"

"'जागे.' एवढंच. खरखर होती, आवाज घोगरा होता. पण काकांचा घोगराच आहे, आयुष्यभर ओरडून ओरडून."

"पूर्वी मी आवाजावरून माणूस ओळखायचो," मालक पुटपुटले. "आता एवढी ठाणी झाली, कोण कोणाचा आवाज ओळखणार?"

"उत्तर आलं ना, मग माणूस सुटला की," भाऊजी म्हणाले.

काचघर बागेच्या मधोमध होतं. धुक्यात नुसता एक पांढुरका उजेड तरंगतोय असं वाटायचं. दाराशी शिट्टीकाका टोपी हातात घेऊन उभे होते. आत जायची त्यांना बंदी होती. बाईंनी कुलूपही बदललं होतं.

"काल काय झालं ते जसंच्या तसं सांगा," वहिनी म्हणाल्या.

"मी स्टुलावर होतो, कुंडीच्या शेजारी. दार आतून ओढलेलं. किल्ल्या तिघांकडेच, बाई, माळी आणि बाईंची भाची. दुपारी हाक आली, मी उत्तर दिलं. मग एकदम गार वारा लागला. बघतो तर दार सताड उघडं आणि कुंडी नाही. मीच शिट्टी मारून सगळ्यांना बोलावलं."

"हाक कोणी दिली?"

"साहेबांनी. सायकलवरून आले, वेलींच्या मधून. घंटी वाजवली, जागा का रे म्हणाले. मी म्हटलं, जागा."

भाऊजींनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी मान खाली घातली. त्यांची सायकल कधीच मोडीत गेली होती.

"काका," वहिनी हळूच म्हणाल्या, "सायकल काचघरात कशी येईल?"

म्हातारा हातातली टोपी फिरवू लागला. चूक लक्षात आली तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे मी स्वप्नात उत्तर दिलं," तो म्हणाला. "झोपलो होतो मी. साहेब, बाईंना मीच सांगतो."

"संध्याकाळपर्यंत कोणी कोणाला काही सांगायचं नाही," वहिनींनी बजावलं.

बाई काचघरात एका वाफ्याशी ताठ बसल्या होत्या. डोळे रडून सुजलेले, पण आवाजाला धार. "तो झोपला तरी असेल, नाही तर चोरीत सामील असेल. मला दोन्ही सारखंच. कळी आज ना उद्या उमलणार होती. तिचा रंगसुद्धा मला बघायला मिळाला नाही."

त्या निघून गेल्या. माळी कुंड्यांना फवारा मारत होता. "तो आणि मी बरोबरीचे," त्याने सांगितलं. "चोरी त्याच्याच्याने व्हायची नाही. साधं गळालेलं फूल उचलताना मला विचारतो." बोलताना त्याने मोठी जांभई दिली. "माफ करा. कालपासून इथं पाऊल टाकलं की असंच होतंय."

भाऊजींना तोवर काकांचं स्टूल दिसलं होतं. ते टेकले. आत ऊब होती, पानांवरून थेंब गळत होते, कुठून तरी जुन्या पेटीत ठेवलेल्या रेशमासारखा गोडसर वास येत होता. पानं मोठी मोठी होत गेली, आणि त्यांतून भाऊजींच्या शाळेतली मुलं हिरव्या पाट्या घेऊन चालू लागली.

"भाऊजी, उठा."

बघतात तो वहिनी नाकाला रुमाल लावून उभ्या. दार त्यांनी उघडं टाकलं होतं.

भाचीची खोली वरच्या मजल्यावर होती. बिचारीचं सर्दीने नाक लाल झालेलं, आवाज बसलेला, अंगावर शाल. खिडक्या मात्र सगळ्या उघड्या, आणि धुकं बिनधास्त आत येत होतं.

"काकांनी चोरी केली नाही," ती म्हणाली. "मी शाळेत जायचे तेव्हापासून ते फाटकावर आहेत. सायकल शिकताना माझ्यामागे धावलेत ते. आणि ते झोपलेले नव्हते. कोणीही काहीही म्हणो."

"काल तुझ्या कानावर काही पडलं?"

"नाही." तिला शिंक आली आणि पुढचं बोलणं शिंकेत गेलं.

भाऊजी थंडीने कुडकुडत कपाटाकडे सरकले. खाली कपाटाला टेकून मांजर झोपलं होतं, त्याच्या शेपटीवर त्यांचा पाय पडला. मांजर हललंसुद्धा नाही. "तुमच्याहून वरचढ निघालं," वहिनी म्हणाल्या आणि मांजराकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

दिवस कलायला लागला तेव्हा वहिनींनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. बाई, माळी, भाची, मालक, शिट्टीकाका. गारठा आहे म्हणून खिडक्या लावून घेतल्या. भाची काही बोलायला गेली, पण वहिनींनी तिला शेजारी बसवून घेतलं. स्वतःची खुर्ची त्यांनी दाराच्या फटीशी ओढली.

"काल दुपारी काका झोपले होते," त्यांनी सरळ सांगून टाकलं. भाचीने डोळे मिटले. "पण वॉकीटॉकीवर उत्तर आलं. काय आलं? 'जागे.' आता मला सांगा, काका स्वतःला 'जागे' म्हणतील? स्वतःला कोणी अहोजाहो करतं का?"

"म्हणजे कंट्रोलवालीने ऐकण्यात चूक केली," भाऊजी म्हणाले.

"तिने बरोबर ऐकलं, आपण चुकीचं ऐकलं. ती काकांबद्दल आदराने बोलतेय असं तुम्हाला वाटलं. खरं तर उत्तर देणारीच आदराने बोलत होती. काकांच्या शेजारी उभी राहून, काकांबद्दल. काका जागे आहेत, असं तिला म्हणायचं होतं. घाबरून एकच शब्द बाहेर पडला."

"म्हणजे चोरच ती," बाई म्हणाल्या. "उत्तर गेलं नसतं तर कंपनीची माणसं धावत आली असती."

"चोराने काकांची नक्कल करून 'जागा' म्हटलं असतं. हिला नक्कल सुचलीच नाही. किल्ल्या तिघांकडे. बाई, तुम्ही काकांना 'तो' म्हणता. माळीही 'तो' म्हणतो. 'ते' म्हणणारी या घरात एकटीच आहे, आणि सर्दीने तिचा आवाज काकांसारखाच घोगरा झालाय."

बाईंनी भाचीकडे असं पाहिलं की पोरगी शालीत मिटली.

"थांबा, रागवायची घाई नको. चोर जाताना दार ओढून घेतो. हिने उघडं टाकलं. का? काकांना वारा लागावा म्हणून. तो लागला आणि ते जागे झाले. म्हणजे आतल्या हवेतच काहीतरी होतं. माळीदादा कालपासून तिथं जांभया देतोय. भाऊजी स्टुलावर टेकले आणि घोरायला लागले."

"ते कुठंही घोरतात," मालक जड जिभेने म्हणाले.

"म्हणून तर मी माळ्याकडे बघत होते. माझेही डोळे मिटायला लागले, तेव्हा मी दार उघडलं. बाई, तुमची कळी काल दुपारीच उमलली. फूल कसं असेल याचा विचार तुम्ही इतकी वर्षं केलात, त्याचा वास काय करील ते कोणाला माहीत असणार? काका शेजारीच बसलेले, दार बंद. ही आत आली. हिचं नाक चोंदलेलं, हिला काहीच झालं नाही."

भाऊजींना वहिनींचा आवाज हळूहळू पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येऊ लागला. खोलीत रेशमाचा वास पसरत होता.

"मला वाटलं काका गेले," भाची रडत म्हणाली. "हलवलं तरी उठेनात. तेवढ्यात हाक आली. उत्तर दिलं नाही तर माणसं येतील, काकांना झोपलेले बघतील आणि काढून टाकतील. फुलावर शंका आली म्हणून कुंडी उचलून बाहेर नेली. परत आणून ठेवणार होते, पण शिट्टी वाजली, सगळे जमले. नंतर कुलूप बदललं. खरं सांगितलं असतं तर ते झोपले होते हेही सांगावं लागलं असतं."

"एवढ्या सर्दीत खिडक्या उघड्या कोण ठेवतं?" वहिनी म्हणाल्या. "आणि शेपटीवर पाय पडूनही कुठलं मांजर झोपून राहतं? कपाट उघड, बाळ."

भाचीने दार उघडलं. भाऊजींनी कसेबसे डोळे ताणून पाहिलं. पहाटेच्या आभाळाच्या रंगाचं एकच फूल, आणि त्याच्याभोवती सगळी खोली संथ हेलकावे घेत होती. इतकं सुंदर काही त्यांनी कधी रंगवलं नव्हतं. त्यानंतर त्यांना थेट गार वाराच आठवतो.

वहिनींनी खिडक्या उघडल्या होत्या. बाई कपाटापुढे बसून, नाकावर पदर दाबून, फुलाकडे बघत हमसाहमशी रडत होत्या. दुसरा हात त्यांनी भाचीच्या पाठीवर ठेवला होता. माळी जमिनीवर आडवा. आणि मालक खुर्चीत मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपलेले.

वारा लागला तसे ते दचकून उठले. आजूबाजूला पाहिलं, हनुवटी पुसली. सगळे आपल्याकडेच बघतायत हे लक्षात आल्यावर कानापर्यंत लाल झाले.

"किती वेळ झोपलो मी?" त्यांनी भिंतीला टेकलेल्या शिट्टीकाकांना विचारलं.

"काय सांगू, साहेब," काका डोळे चोळत म्हणाले, "मीपण झोपलो होतो."

भाऊजींना हसू आवरेना. बाकी कोणी हसलं नाही. काकांनी वर्दीच्या वरच्या गुंडीला हात घातला, ती काढली, मग पुढची काढायला लागले. "नियम आहे," ते म्हणाले. "फूल असो काही असो, झोप ती झोप."

मालक उठले. पुढे होऊन त्यांनी काकांची काढलेली गुंडी परत लावली.

"नियम काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पहाऱ्यावर झोपला तो त्याच दिवशी घरी."

"मग चल घरी. तू झोपलास, मीही झोपलो. आज दोघंही घरी जाऊ." मालकांनी त्यांचा दंड धरला. "घरी जा म्हटलंय, परत येऊ नको असं कुठं म्हटलंय? उद्या ये."

काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ते त्यांनी पुसलंही नाही.

"याच फाटकावर?" त्यांनी विचारलं.

मालकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मागे वळूनही न बघता होकाराची मान डोलावली.

"याच," मालक म्हणाले.