काठाबाहेरची खिडकी

रत्नाबाई दुपारी कंट्रोल रूम पुसायला गेली, तेव्हा कॉम्प्युटरवाला जितेश कपाळाला हात लावून बसला होता. बोईसरच्या त्या केमिकल कारखान्यात प्रत्येक टाकीची एक छोटी खिडकी स्क्रीनवर तरंगायची. टाकी तापली की खिडकी लाल व्हायची, टुणटुण करायची. ऑपरेटर वैतागून तिला स्क्रीनच्या काठाबाहेर ढकलायचे; बाहेर गेली की आवाजही बंद. गेल्या वर्षी सदा तंबाखू-चुना मळणाऱ्या म्हाताऱ्या ऑपरेटर आत्मारामनं तेच केलं. टाकी उसळली, आणि आत्माराम गेला. आता जितेशला ते बदलायचं होतं.

"खिडकी काठाला अडवू, की थोडी बाहेर जाऊ देऊ, मावशी?" जितेश म्हणाला. "लोकांना मोकळीक हवी असते. दोन बोटं आत ठेवतो. ओढून घेता येईल."

"दोन बोटं? पोर पाळण्याबाहेर लोंबत असलं, तर त्याची दोन बोटं धरून बसशील तू?" रत्नाबाईनं फडकं बादलीत आपटलं. "माझी रूपाली खाली टाक्यांपाशी हाय. काठ आला की थांबायचं. अख्खी आत. बास!"

"बरं, तसंच करतो." जितेश हसत लॅपटॉप काखेत मारून चहाला गेला. ऑपरेटर शिवाजीही मागोमाग निघाला; जाता जाता सवयीनं एक लाल खिडकी त्यानं काठाबाहेर ढकलली.

खोली गप्प झाली. एसीची घरघर तेवढी. मग वास आला. तंबाखूचा, ओल्या चुन्याचा...

स्क्रीनच्या उजव्या काठाशी लाल रेघ दिसली. माउसपाशी कुणी नव्हतं. रेघ रुंद होत गेली. थांबत, धापा टाकत कुणी जड पोतं ओढावं, तशी खिडकी आत येत होती.

"कोण... कोण हाय?"

खिडकी अख्खी आत आली, काठाला टेकून थांबली. टुणटुण सुरू झाली. चौथी पास रत्नाबाईला आकडा वाचता आला. तीन.

ती जिन्यावर धावली. "रूपाली! तीन नंबर तापलीय! पाणी सोड आणि पळ!"

रूपालीनं कॉक फिरवला. टाकी फुसफुसली, थरथरली, निवली.

संध्याकाळी रत्नाबाईनं जितेशच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "तू खिडकी अडवलीस, म्हणून माझी पोर वाचली रे."

जितेशचा चेहरा उतरला. "मावशी... मी अजून काहीच बसवलं नाही. सगळं माझ्या लॅपटॉपमध्येच आहे..."

रत्नाबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "मग आत्मारामनं ऐकलं माझं. शहाणा झाला, मेल्यावर का होईना."

दुसऱ्या दिवशी जितेशनं ते बसवलं. आता कुठलीच खिडकी काठ ओलांडत नाही. रूपाली वेळेवर घरी येते, मायलेकी सुकटीची चटणी आणि भाकरी खातात, रत्नाबाई निवांत झोपते.

फक्त स्क्रीन पुसताना उजव्या काठाशी तिचं फडकं थांबतं. तिथं चुन्याची चार बोटं उमटलीत. कुणी काठ घट्ट धरावा तशी. घासून निघत नाहीत. ती काचेच्या आतून आहेत.

काल डाव्या काठालाही चार दिसली.